दोन रायफली आणि आबांचं ‘चालेल’

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, घरातलं उत्तर एकच असायचं. चालेल. चहा करू? चालेल. की कॉफी? चालेल. भाकरी टाकू, पंखा लावू, जरा बाहेर जाऊन येऊ, सगळ्याला चालेल. फौजेत सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस, तिथे शंभर जणांना हुकूम सोडत असणार, पण उंबरठ्याच्या आत आला की स्वतःला काय हवंय ते सांगायची त्याला लाज वाटायची. आई होती तोवर या शब्दाचा अर्थ लावायचं काम तिच्याकडे होतं. त्यांनी मान वर करून म्हटलं की खाली घालून, शेवटचं अक्षर ओढलं की तोडलं, यावरून तिला बरोबर कळायचं. एक चालेल म्हणजे हवंय, एक चालेल म्हणजे नकोय पण तुझं मन कशाला मोडू. मला ते कधी जमलं नाही. मी सर्जन. दाबल्यावर दुखतंय का विचारलं की हो किंवा नाही ऐकायची मला सवय.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी आबांना ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला माझ्या घरी घेऊन आले. व्हिसा पाहुण्याचा होता, पण माझ्या मनात त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं होतं. मी एकुलती एक. त्यांनी पेन्शनीतून बांधलेल्या साताऱ्याकडच्या स्लॅबच्या घरात ते एकटेच स्टोव्ह पेटवून बसणार, ही कल्पना मला सहन होत नव्हती. नवऱ्याचं काहीच म्हणणं नव्हतं. तो युनिव्हर्सिटीत शिकवायचा, दिवसभर मुलांशी बोलून दमून यायचा, घरात आणखी एक कमी बोलणारा माणूस त्याला बराच वाटला असावा.

पण त्या गावात साठीच्या माणसाने करायचं काय? आमचं घर गावाबाहेर, आजूबाजूला शेतं. बस दिवसातून एखादी, ती कधी येते ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसावं. शेजारी गाडीतून हात करायचे आणि निघून जायचे. आमची मुलगी आजोबांनी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची आणि आबा ‘यस यस’ म्हणून गप्प बसायचे. मी शिफ्टला जाताना ते व्हरांड्यातल्या खुर्चीत असायचे, परत आले की त्याच खुर्चीत. कसा गेला दिवस, विचारलं की, बरा गेला. एका रविवारी ते कॅलेंडरसमोर उभे राहून पानं उलटताना दिसले. व्हिसा संपायची तारीख बघत होते, हे मला न विचारता कळलं.

तेव्हा मी त्यांना रायफल क्लबात नेलं. मी कॉलेजात कॅडेट असताना पॉइंट टू-टू रायफलने बरी नेमबाजी करायचे. टूवूंबात आल्यावर पहिल्या हिवाळ्यात, इथे करमणूक म्हणजे काय करतात असं एका नर्सला विचारलं, तेव्हा तिने मला या क्लबात आणून सोडलं होतं. क्लब म्हणजे माळावरचं एक पत्र्याचं शेड, चहाची टाकी आणि पलीकडे मातीचा बांध. शनिवारी सकाळी पंधरावीस माणसं जमायची. साडी सोडून पँट घातलेली भारतीय डॉक्टरीण बघून सुरुवातीला ती जरा बिचकली, नंतर सरावली.

आबा शेडमध्ये शिरले आणि त्यांच्या पाठीचा कणा ताठ झाला. मी थट्टा करत नाहीये. कुणीतरी चावी दिल्यासारखा तो माणूस सरळ झाला. कुणाची नळी कुठे रोखलेली आहे हे त्यांनी एका नजरेत बघून घेतलं आणि मग सगळ्यांशी हात मिळवला. त्यांचं इंग्रजी फौजेतलं, क्रियापदांशिवाय चालणारं, पण त्या शेडमध्ये ते पुरून उरलं.

क्लबातल्या म्हाताऱ्यांपैकी एक आमचाच शेजारी होता, दोन कुंपणांपलीकडचा. बायको वारलेली, मोतीबिंदूने डोळे अधू झालेले, आता घर विकून समुद्राकडे मुलीजवळ राहायला जाणार होता. त्याच्याकडे दोन जुन्या लष्करी रायफली होत्या, दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येऊन बसते. त्या काळी आमच्या क्वीन्सलंड राज्यात लायसन्स असलं की असली रायफल बाळगता यायची. एक होती एसएलआर, ऑस्ट्रेलियन लष्कराची. तिची सख्खी बहीण म्हणावी अशी रायफल आपल्याही फौजेत होती आणि आबांनी नोकरीतली निम्मी वर्षं ती खांद्यावर वागवली होती. दुसरी अमेरिकन, गॅरंड, त्याहून जुनी, लाकडाची आणि जाडजूड. एक मला द्यायची आणि दुसरी डॅल्बी गावाच्या पुढे गहू पिकवणाऱ्या त्याच्या एका मित्राला, असं म्हाताऱ्याने ठरवलं होतं. आधी निवडायचा मान माझा. घाई नाही, नो वरीज, घर विकलं जाईपर्यंत दोन्ही वापरून बघा, असं म्हणून त्याने दोन्ही आमच्या स्वाधीन केल्या. नवऱ्याने फोनवर नुसतं एसएलआर ऐकलं आणि कॅमेरा घेतेयस तर लेन्स मी निवडणार, असं मला बजावलं.

पुढचे आठवडे आमच्या घरातले सगळ्यात चांगले आठवडे होते. आबा पहाटे उठायचे. जुन्या चादरीच्या चिंद्या फाडून, तेलाची बाटली घेऊन व्हरांड्यात बसायचे. शुक्रवारी संध्याकाळी विचारायचे, उद्या तुला सुट्टी आहे ना. मागच्या अंगणात त्यांनी मेथीचे वाफे केले, मग नवऱ्याला घेऊन नर्सरीत गेले आणि लिंबाचं रोप घेऊन आले. इथे थंडीत दहिवर गोठतं, लिंबू तगेल का, अशी त्यांची मोठी चर्चा चालायची. फळ धरायला तीन-चार वर्षं लागतील, असं एकदा जेवताना त्यांनी सहज म्हटलं. मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं. तीन-चार वर्षांची गोष्ट बोलणारा माणूस कॅलेंडर बघत नसतो. मी व्हिसाची चौकशी सुरू केली.

एसएलआर त्यांच्या हाताला बसलेलीच होती. मॅगझिन खालून लावायचं, एक खटका, की काम झालं. माळावर त्यांनी तिच्यातून पाच गोळ्या मारल्या आणि पाचही एका बशीत मावतील अशा बसल्या. शेडमधले लोक टाळ्या वाजवायला लागले. आबांनी रायफल रिकामी करून खाली ठेवली आणि गॅरंड उचलली.

गॅरंडला मॅगझिन नसतं. आठ काडतुसांचा पत्र्याच्या पट्टीत बांधलेला जुडगा वरून आत दाबायचा. तो अंगठ्याने दाबताना मान खाली घालावी लागते, आणि जुडगा बसला की वरचं पोलादी झाकण धाडकन पुढे येतं. अंगठा वेळेत काढला नाही तर चेचला जातो. आठवी गोळी सुटली की रिकामी पट्टी टिंग करून आपसूक बाहेर उडते. ही सगळी कसरत आबांना काही जमत नव्हती, निदान मला तसं दिसत होतं. शेजाऱ्याने त्यांना सरावासाठी खोटी काडतुसं दिली होती, आत दारू नसलेली. ती घेऊन ते व्हरांड्यात तासन् तास बसायचे. भरायची, उपसायची, पुन्हा भरायची. कधी जोरात, कधी इतकी सावकाश की बघणाऱ्याला जांभई यावी. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. मी नखाला भोक पाडून साचलेलं रक्त काढलं आणि चिडून म्हटलं की या वयात हे उद्योग कशाला. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या अंगठ्याने ते पुन्हा तेच करत होते.

एकदा त्यांनी मला हाक मारली. मी नुकतीच हॉस्पिटलच्या कॉलवरून आले होते. ते म्हणाले, ही रायफल घे, तिकडे पाण्याच्या टाकीपाशी उभी राहा आणि भरून दाखव, मी इथून बघतो. मला हसू आलं. माझा अंगठा गेला तर ऑपरेशनं कोण करणार, तुम्ही? असं म्हणून मी अंघोळीला गेले. त्यांनी परत विचारलं नाही. विचारत नसतच ते परत.

मग शेजाऱ्याचं घर विकलं गेलं. तो कुंपणापाशी येऊन म्हणाला, डॉक, आता सांग, कुठली? माझ्या मनात शंकाच नव्हती. एकीने आबांचा अंगठा चेचलेला, दुसरी त्यांची आयुष्याची सोबतीण. आणि मला रायफलीशी फारसं देणंघेणंही नव्हतं, मला ती घरात हवी होती ती आबांनी तिच्यासाठी राहावं म्हणून. तरी मी रीतसर विचारलं.

“आबा, कुठली घेऊ?”

“तुला आवडंल ती घे.”

“मला नाही, तुम्हाला कुठली हवीय?”

“कुठलीबी चालंल.”

“एसएलआर घेऊ? आपलीच आहे ती.”

ते अंगणात मेथीला पाणी घालत होते. झारी हलली नाही, मान वर झाली नाही.

“चालंल,” ते म्हणाले.

आई असती तर तिने झारी खाली ठेवायला लावली असती. मी कुंपणापाशी गेले आणि एसएलआर म्हणून आले. पुढच्या आठवड्यात डॅल्बीकडचा शेतकरी ट्रक घेऊन आला आणि गॅरंड घेऊन गेला. आबांनी ती स्वतः पुसून, कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

त्यानंतर काय बिघडलं ते मला कळेना. आबा शनिवारी माळावर यायचे, नेम बरोबर मारायचे, रायफल साफ करून कुलपात ठेवायचे आणि खुर्चीत जाऊन बसायचे. नोकरीवरून आल्यासारखे. चिंद्यांचा पसारा संपला, पहाटेची खुडबूड संपली. मी विचारलं तर, काही नाही, बरं आहे. नवरा म्हणाला की यांना घराची आठवण येत असेल. मी म्हटलं, घर इथे आहे. मला रागच येत होता. हवं ते आणून दिलं, आता आणखी काय करू? महिन्याभरात ते म्हणाले, तिकडं घर बंद आहे, छताला ओल आली असंल, माझं तिकीट काढ. मी भांडले, रडले, नातीला मध्ये घातलं. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, बघू पुढल्या खेपेला.

ब्रिस्बेनच्या विमानतळावर त्यांना सोडायला मी एकटीच निघाले. टूवूंबा डोंगरावर आहे. घाट उतरून सपाटीला लागलं की ब्रिस्बेनपर्यंत बघण्यासारखं फारसं काही नाही. वाटेतल्या गाटन गावाच्या आसपास ते आपणहून बोलायला लागले. समोर रस्त्याकडे बघत, बातम्या सांगाव्यात तशा आवाजात.

पासष्टच्या लढाईत ते पंजाबात होते. त्यांच्या हातात तेव्हा थ्री-नॉट-थ्री होती, एसएलआर त्यांच्या पलटणीत अजून आलेली नव्हती. पलीकडच्यांकडे अमेरिकन गॅरंड होत्या. एका सकाळी उसाच्या शेतातून पुढे सरकताना ते तुकडीपासून वेगळे पडले आणि पाटाच्या कडेला एकदम एक माणूस समोर आला. आमच्या साताऱ्याकडच्या गोठ्यापासून विहीर जितकी लांब, तितक्या अंतरावर. तो दुसरीकडे गोळ्या झाडत होता. मग टिंग असा आवाज झाला. माणसाने मान खाली घातली, त्याचे दोन्ही हात रायफलीवर खाली गेले. आबांनी गोळी झाडली.

“तो भरत हुता, का खाली टाकत हुता, ते मला कळलं न्हाई,” आबा म्हणाले. “दोन्हीत मान खालीच जाती. बंदूक टाकणारा माणूस बी खालीच बघतो. गॅरंड कशी भरत्यात ते मला तवा ठावंच नव्हतं. हितं पहिल्यांदा बघितली.”

मी गाडी बाजूला घेतली. मोठे ट्रक शेजारून जात होते आणि गाडी हलत होती. त्यांनी पुढे सांगितलं की स्वतः भरून काही कळत नाही, आपले हात आपल्याला वरून दिसतात. समोरून, तेवढ्या अंतरावरून दुसऱ्या कुणाला भरताना बघायला हवं होतं. शेडमधल्या कुणाला सांगायचं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. आईलाही ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती.

मी काय बोलले? मी ओरडले. तीस वर्षं उरात बाळगलेली गोष्ट आणि तुम्ही मला मेथीला पाणी घालत चालेल म्हणता? तुम्हाला ती रायफल हवी होती हे एका वाक्यात सांगता येत नव्हतं?

“मला ती घ्यायची न्हवती गं,” ते म्हणाले. “असली वस्तू घरात कोण ठेवंल? मला फकस्त बघायचं हुतं. तू इचारलंस, घेऊ का.”

विमान गाठायचं होतं. मी गाडी रस्त्यावर घेतली. विमानतळावर आत जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चालायला लागले.

घरी आल्यावर मी आधी शेजाऱ्याच्या मुलीला फोन लावला आणि तिच्याकडून त्या शेतकऱ्याचा नंबर मिळवला. मग सुट्टीच्या दिवशी डॅल्बीच्या पुढे गाडी हाणत गेले. तो भला माणूस होता. का हवंय ते मी सगळं सांगितलं नाही, वडिलांना या रायफलीबद्दल एक गोष्ट बघायचीय, एवढंच म्हटलं. त्याने रायफल टेबलावर ठेवली, तुझा बाप येईल तेव्हा घेऊन ये, म्हणाला. मी तिथेच भरायला शिकले. अंगठा एकदा चेचलाच. मग जमलं. त्याच्या बायकोला मी धान्याच्या कोठाराच्या दारात उभं केलं आणि मी रायफल भरताना समोरून कशी दिसते ते विचारलं. तिने जरा विचार केला आणि सांगितलं की तू कणीक मळतेयस असं वाटतं.

आबांना मी फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, ऊस गेला की येतो. त्यांनी एकदाही मला चालेल म्हटलं नाही. येतो म्हणाले. नंतरच्या प्रत्येक फोनमध्ये ते विचारायचे, लिंबू कसं आहे, पोरगी कशी आहे, आणि शेवटी, हाय न्हवं ती अजून त्याच्याकडं? आहे, मी सांगायचे. मी खोली रंगवून घेतली. त्यांच्यासाठी जाड रजई आणली. ते येणार आणि या वेळी राहणार, याची मला इतकी खात्री होती की नवऱ्याला मी व्हिसासाठी लागणाऱ्या त्यांच्या मेडिकलची चौकशी करायला लावली.

ऊस जायला उशीर झाला, मग गावात कुणाचं तरी लग्न निघालं. एप्रिलात ऑस्ट्रेलियातल्याच टास्मानिया बेटावर एका माणसाने सहलीला आलेल्या लोकांवर सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालवली. पस्तीस माणसं गेली. त्या आठवड्यात क्लबच्या शेडमध्ये कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. कायदा बदलला. असल्या सगळ्या रायफली सरकारकडे जमा करायच्या होत्या. क्लबातली बरीच माणसं संतापली, मी संतापले नाही. शेतावर कोपऱ्यात टेकून ठेवलेल्या बंदुकीचं काय होतं ते मी ऑपरेशन थिएटरात पुरेसं बघितलं होतं. हा कायदा बरोबर होता, मला आजही तो बरोबर वाटतो, आणि त्याने माझं जे नेलं ते नेलंच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कुठलीच मला सोडता येत नाही.

एसएलआर जमा करायला मी दुपारी गेले. माझ्यापुढे रांगेत एक म्हातारा आपली बंदूक लहान मूल धरावं तशी धरून उभा होता. माझी पाळी आली, पोलिसाने रायफल घेतली, मागे बंदुका चेचणाऱ्या मशीनचा आवाज येत होता. परत येऊन मी डॅल्बीला फोन केला. शेतकऱ्याने गॅरंड आदल्या आठवड्यातच दिली होती. सॉरी, डॉक, तो म्हणाला, तुझ्या वडिलांसाठी थांबायचं मनात होतं, पण बंदुका जमा करून नेणारी गाडी गावात तेव्हाच येणार होती. त्याचा काय दोष?

आबांना फोन करायला मी दोन दिवस लावले. शेवटी सकाळी नऊला, दुपारच्या शिफ्टच्या आधी केला. तिकडे पहाट होती, ते उठलेलेच होते. मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बरं झालं, म्हणाले, असली हत्यारं घरोघर नसावीत, सरकारनं चांगलं केलं. मला हायसं वाटलं. मग मी म्हटलं की तुमची खोली तयार आहे, मी तिकीट पाठवते, तारीख तेवढी सांगा.

फोनवर आपला आवाज पोचून उत्तर यायला त्या काळी जरा वेळ लागायचा. मला वाटलं, तेवढाच वेळ लागतोय.

“आता यायचं कशाला, बाई?” आबा म्हणाले. “हाय काय तिथं?”

मी आहे, असं मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला. आबांनी मला नीट समजावलं, लहानपणी गणित समजावायचे तसं. तू कामाला जातीस, पोरगी शाळंला जाती, जावई बी घरी नसत्यात. मी तिथं बसून काय करू? तू दिवाळीला येतीसच की. मी त्यांना ठेवून घेण्यासाठी काय काय केलं, आणि ते येणार होते ते मला भेटायला नाहीच, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी दिवाळीला जायची. ते स्टेशनवर न्यायला यायचे. टूवूंबाला ते परत कधी आले नाहीत.